बोलिव्हारच्या मागे उभा राहिलेला हैती

दक्षिण अमेरिकेतले देश स्पेनच्या राजवटीतून मुक्त करणारे सेनानी म्हणून सिमोन बोलिव्हार आणि सान मार्तिन यांच्यावर पुष्कळ छान लिहिलं जातं, पण या चर्चेत कॅरिबियन समुद्रातल्या हैती या छोट्या देशाचं नाव यायलाच हवं. १८१५ च्या अखेरीस बोलिव्हार जमैकाहून हैतीत पोहोचला तेव्हा तो पराभूत, परागंदा होता. हैतीचे राष्ट्राध्यक्ष अलेक्सांद्र पेत्याँ यांनी त्याला बंदुका, दारूगोळा, रसद, अगदी छापखानासुद्धा दिला. मोबदल्यात अट एकच: जे प्रदेश स्वतंत्र कराल तिथल्या गुलामांनाही मुक्त करा. १८१६ ची पहिली मोहीम फसली, तरी पेत्याँ पुन्हा त्याच्या पाठीशी उभे राहिले!

आणि हा देश तरी केवढा? फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांच्या उठावातून १८०४ मध्ये जन्मलेला, तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. त्या उठावाचा सेनानी तूसाँ लूव्हेर्त्यूर तर स्वतःच गुलामीत जन्मलेला. फ्रेंचांनी बोलणीच्या बहाण्यानं त्याला पकडलं आणि १८०३ मध्ये फ्रान्समधल्या एका डोंगरी किल्ल्यात तो कैदेतच वारला.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. अमेरिका खंडातल्या नव्या स्वतंत्र देशांना एकत्र आणण्यासाठी भरवलेल्या १८२६ च्या पनामा परिषदेचं आमंत्रण बोलिव्हारनं हैतीला दिलंच नाही. त्याचं मोठेपण मी नाकारत नाही, पण हा कृतघ्नपणाच होता. पेत्याँना दिलेला शब्दही अर्धवटच राहिला. बोलिव्हारनं स्वतंत्र केलेल्या व्हेनेझुएलात गुलामगिरी पूर्ण रद्द व्हायला १८५४ साल उजाडलं.