काटा खाली कसा आणलात? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी अनुभव धागा

सोसायटीच्या गटावर कुणीतरी '७ दिवसांत ५ किलो' टाकलं आणि आमच्या मजल्यावरच्या दोघी त्याच रात्री जिऱ्याच्या पाण्यावर गेल्या. म्हणून हा धागा. ज्यांनी कॅलरी मोजून, महिने घालून वजन उतरवलंय त्यांनी लिहा. काय मोजलं, कुठे फसलात, घरच्यांनी काय ऐकवलं, सगळं चालेल. पावडरी आणि चूर्णांच्या जाहिराती नकोत.

सुरुवात मीच करते.

नेरूळ, वय ४३
७८ वरून ६९. अकरा महिने लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी वजनाच्या ५ टक्के उतरवा, पुढचं पुढे. ७८ चे ५ टक्के म्हणजे जेमतेम ४ किलो. मला तर वीस उतरवायचे होते! पण त्या चार किलोंनीच साडेचार महिने घेतले.

पहिले सहा आठवडे ॲपमध्ये इमानेइतबारे लिहायचे. 'पोहे, एक वाटी', 'भाजी, एक वाटी'. बेरीज १४०० आणि काटा ढिम्म. शेवटी वाशीहून स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणला आणि नेहमीच्या हाताने कढईत तेल ओतलं, फक्त कढई काट्यावर ठेवून. ३२ ग्रॅम! तिघांच्या पोह्यांना. ग्रॅमला ९ कॅलरी धरा, २८८ नुसत्या तेलाच्या. मग महिन्याचा हिशेब काढला. आम्ही चार माणसं, ५ लिटरचा डबा तीस दिवसांत तळाला. म्हणजे माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, ३४० कॅलरी. बाहेरचं खाणं वेगळंच.

दुसरा चोर दाण्याचं कूट. कुटासाठी दाणे भाजायचे, सालं चोळायची, पाखडायचे, आणि पाखडता पाखडता तोंडात टाकायचे. एकदा आधी आणि नंतर वजन केलं, ३५ ग्रॅम गायब. दोनशे कॅलरी, आणि मी शपथेवर सांगितलं असतं की सकाळपासून काही खाल्लं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "सोनाराच्या दुकानात आल्यासारखं वाटतंय." आता डबा जवळजवळ दोन महिने पुरतो. भाजीला चव नाही असं अजून कुणी म्हणालेलं नाही. पुरणपोळीच्या दिवशी काटा कपाटात असतो, हेही सांगून टाकते.

घोडबंदर रोड, वय ३६
माझं दोनदा झालंय. पहिल्यांदा १२०० कॅलरी, तीन महिन्यांत १२ किलो, ऑफिसात हारतुरे. गणपतीत मामाकडे गेलो आणि उकडीच्या मोदकांवर जे तुटून पडलो ते दिवाळीपर्यंत. सगळं परत आलं, वर दोन किलो व्याज.

दुसऱ्यांदा रोजच्या गरजेपेक्षा फक्त ४०० कमी. ९४ चे ८३, चौदा महिने. कंटाळवाणं आहे, पण या वेळी मित्रांबरोबर मामलेदारची मिसळ खाऊनही झालं.

रोज वजन करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रविवारी मटण-वडे झाले की सोमवारी काटा दीड किलो वर. पूर्वी मी त्या दिवशी उपास करायचो. एक किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी असतात, म्हणजे दीड किलो चरबी चढायला गरजेहून साडेअकरा हजार जास्त खाव्या लागतील. एवढं मटण आमच्या आईनेही कधी शिजवलं नाही. ते मिठाने आणि वड्यांनी धरून ठेवलेलं पाणी असतं, बुधवारपर्यंत उतरतं. मी आता आठवड्याची सरासरी तेवढी बघतो.

नौपाडा, वय ६१
माझ्या सुनेने मोजायला शिकवलं. पोळीचा प्रश्न तिने छान सोडवला: कोरडी कणीक मोजून घ्यायची, ३०० ग्रॅम, आणि दहा पोळ्या लाटायच्या. एक पोळी शंभर कॅलरीची, वरचं तेल-तूप वेगळं.

पण मधुमेह असणाऱ्यांनो, माझी चूक करू नका. जेवण कमी केलं, गोळी तीच चालू ठेवली. ग्लिमेपिराइड. तलावपाळीला फेरी मारताना हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला. भेळवाल्याने बाकावर बसवून साखर-पाणी दिलं. रिक्षाने घरी आले तेव्हाही रक्तातली साखर ५८ होती, म्हणजे फारच खाली. डॉक्टर रागावले, 'आधी मला सांगायचं'. त्यांनी डोस निम्मा केला. पाच किलो उतरलेत, सात महिन्यांत. चतुर्थीची साबुदाणा खिचडी मात्र सोडवली नाही, अर्धी वाटी आणि दह्याबरोबर.

खारघर, वय २२
थोडं उलटं लिहिते. मला मोजणं बाधलं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक समोर आणि मी टेबलाखाली फोनमध्ये आकडे शोधतेय. रात्री झोपताना बेरजा. आईच्या लक्षात आलं, ॲप काढून टाकलं, समुपदेशकाकडे गेले. ज्यांचं जेवणाशी आधीच बिनसलेलं आहे त्यांनी जपून.

कोपरखैरणे, वय ३९
एमआयडीसीत शिफ्ट. कँटीनमध्ये कोण काटा घेऊन बसणार? दोन आठवडे फक्त वहीत लिहिलं, काही सोडलं नाही. नाइटला सहा कटिंग, प्रत्येकात दोन चमचे साखर, चमच्याला २० कॅलरी. २४० तिथेच. सुटल्यावर गेटबाहेर वडापाव, तो तीनशेच्या आसपास. चहा दोनवर आणला, वडापाव शनिवारचा ठेवला. भात तसाच, डाळ दुप्पट. सहा महिन्यांत ६ किलो आणि पट्ट्याला दोन नवीन भोकं.

नेरूळ (धागाकर्ती)
नौपाड्याच्या काकू, कणकेची युक्ती आज केली. दहाच्या जागी साडेआठ झाल्या. माझी पोळी मोठी होती तर!