नोंदणी क्रमांक नाही, तर आरक्षणाचे पैसेही नाहीत

विनापरवाना घरे पर्यटकांना देणाऱ्या मालकांवर धाडी घालून दंड केला की पुरे, हे अनेकांचे मत मला अपुरे वाटते, कारण न्यूयॉर्क शहराने अनेक वर्षे तेच करून पाहिले आणि तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर देण्याच्या बेकायदा जाहिराती काही थांबल्या नाहीत. खरा फरक पडला तो २०२२ च्या स्थानिक कायदा क्रमांक १८ मुळे. सप्टेंबर २०२३ पासून अंमलात आलेल्या या कायद्याने, शहराकडचा नोंदणी क्रमांक नसलेल्या घराच्या आरक्षणाचे पैसे स्वीकारण्यास एअरबीएनबीसारख्या, घरांचे ऑनलाइन आरक्षण करून देणाऱ्या कंपन्यांनाच मनाई केली.

मात्र त्याची झळ कोणाला बसते, हेही पाहायला हवे. यजमानाने पाहुण्यांसोबत त्याच घरात राहिले पाहिजे आणि पाहुणे दोनपेक्षा जास्त नकोत, असा नियम आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आमच्या शेजारच्या मालकीणबाई दुमजली घरात खाली राहतात आणि वरचा मजला पर्यटकांना देत. पण वरचा मजला स्वतंत्र घर धरला जात असल्याने ‘मी इथेच तर राहते’ हे त्यांचे म्हणणे (मला ते पटते) नियमात बसत नाही. जिन्याच्या कठड्याला लटकणारी, आकडे जुळवून उघडायची पाहुण्यांसाठीची किल्लीची डबी त्यांनी कायदा अंमलात आला त्याच महिन्यात काढली आणि वरचा मजला वर्षभराच्या कराराने एका कुटुंबाला दिला.