फूटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) : सहा फ्लॅग (विजेतेपदं) जिंकून बरासी कार्ल्टनला का गेला?

कोथरूड_ते_कोबर्ग :
नमस्कार मंडळी. मेलबर्नला येऊन दोन वर्षं झाली, एमसीजीवर आजवर गेलो ते फक्त क्रिकेटला. यंदा धाकटा ऑसकिकला (लहान मुलांच्या फूटीच्या वर्गाला) जायला लागला आणि घरात लंबगोल चेंडू आला. परवा स्टेडियमबाहेरच्या पुतळ्यांपाशी त्याने विचारलं, "बाबा, हा कोण?" रॉन बरासी. ऑफिसातल्या एकाला विचारलं, तर म्हणे त्याच्या आजोबांनी १९६५ नंतर ते नाव घरात घेऊ दिलं नाही! नेटवर आकडे सापडतात, राग सापडत नाही. मेलबर्न क्लबचा कॅप्टन, २८ वर्षांचा, नुकतीच फायनल मारलेली. मग शहरातल्याच दुसऱ्या क्लबला, कार्ल्टनला, गेलाच कशाला? पैशासाठी? आणि स्वतः खेळणारा माणूस कोच कसा? कुणी जुनंजाणतं असेल तर सांगा.

ट्रामवाला_काका :
मी १९८९ पासून इथे, बरीच वर्षं ट्राम चालवली. ७५ नंबर एमसीजीवरून जाते, त्यामुळे हे पुराण फुकट ऐकायला मिळालं. मेलबर्न क्लबचा लाल-निळा स्कार्फ घातलेल्या एक आजीबाई तर हा विषय निघाला की दोन स्टॉप पुढे जायच्या.

आधी बापाचं ऐका. थोरला रॉन बरासी मेलबर्नकडून १९४० चा फ्लॅग जिंकला आणि १९४१ मध्ये लिबियातल्या टोब्रुकला युद्धात मारला गेला. पोरगा पाच वर्षांचा. पुढे आईने दुसरं लग्न केलं, ती टास्मानियाला गेली. याला मेलबर्नकडूनच खेळायचं होतं. मग बापाच्या संघातला सोबती नॉर्म स्मिथ याने त्याला घरी ठेवून घेतलं. परसातल्या खोलीत राहायचा. आणि हाच स्मिथ मेलबर्नचा कोच! म्हणजे घरी जेवायला वाढणारा आणि मैदानात झापणारा माणूस एकच. जर्सी बापाचीच, ३१ नंबर. १९५५, ५६, ५७, ५९, ६० आणि ६४, असे सहा फ्लॅग.

आता त्याला कोच व्हायचं होतं. स्मिथ असताना मेलबर्नला ती खुर्ची कशी मिळणार? आणि स्मिथला उठवून बसणं त्याच्याच्याने झालं नसतं. कार्ल्टनला १९४७ नंतर फ्लॅग नव्हता, त्यांनी कॅप्टन-कोच म्हणून बोलावलं. पैसेही चांगले होते, ते नाकारत नाही. पण माझ्या मते गुरूच्या घरातून बाहेर पडायची दुसरी वाट नव्हती.

कॅप्टन-कोच म्हणजे आठवडाभर सराव घ्यायचा, संघ निवडायचा आणि शनिवारी त्याच पोरांबरोबर चिखलात पळायचं. १९६९ ला त्याने खेळणं सोडलं, नुसता कोच राहिला.

मेलबर्नचं काय झालं? १९६५ च्या मोसमात त्यांनी स्मिथलाच काढलं, आठवड्यात परत घेतलं. पण पुढचा फ्लॅग थेट २०२१ ला, तोही कोविडमुळे पर्थमध्ये. ५७ वर्षं! त्या आजीबाईंना तो बघायला मिळाला की नाही कोण जाणे.

मृणाल_सिडनी :
मी कोल्हापूरची, मला राग बरोबर कळला. पाटाकडील फुटबॉल क्लबचा कॅप्टन उठून दिलबहार क्लबला गेला तर पेठेत काय होईल, तसं. 😀
आमच्या सिडनीत मात्र फूटीला कुणी विचारत नव्हतं. इथे रग्बी. कुठे रग्बी आणि कुठे फूटी ही जी रेघ नकाशावर काढतात, तिचं नावच 'बरासी लाइन'. इयन टर्नर या इतिहासकाराने १९७८ मध्ये ठेवलेलं. हाच बरासी १९९३ ला सिडनीच्या स्वान्स संघाचा कोच होऊन आला, तेव्हा स्वान्स हरतच चालले होते; ओळीने २६ सामने.

कोथरूड_ते_कोबर्ग :
काका, खूप आभार. आणि ते १९७० चं काय? धाकट्याचे कोच सारखे "हँडबॉल, हँडबॉल" (म्हणजे मुठीने मारून पास) ओरडतात आणि बरासीचं नाव घेतात.

ट्रामवाला_काका :
ती फायनल. कार्ल्टन विरुद्ध कॉलिंगवूड, १,२१,६९६ माणसं. हाफटाइमला कार्ल्टन ४४ गुणांनी मागे. बरासीने सांगितलं, मार्क (किकवरचा झेल) घेतला की थांबून लांब किक मारत बसू नका, हँडबॉल करा आणि पळा. शेवटी १११ विरुद्ध १०१, कार्ल्टन जिंकले.

लोक सगळं श्रेय त्या भाषणाला देतात. मला नाही पटत. टेड हॉपकिन्स नावाचा बारका पोरगा बाकावर होता, त्याला हाफटाइमनंतर आत घातला आणि त्याने चार गोल मारले. तेव्हा बदली फक्त दोन, आणि बाहेर काढलेला परत येत नसे. मागे पडलेलं असताना तो पत्ता टाकणं, हे मी भाषणापेक्षा मोठं मानतो. १९७५ ला नॉर्थ मेलबर्नला पहिला फ्लॅगही यानेच दिला, ते पुन्हा कधी.

कोथरूड_ते_कोबर्ग :
आज अंगणात करून पाहिलं. चेंडू डाव्या तळहातावर, उजवी मूठ मारली. चेंडू दोरीवरच्या चादरीत आणि माझा अंगठा सुजला. पोरगं हसतंय.

ट्रामवाला_काका :
अंगठा मुठीच्या आत घेतला असणार. बाहेर ठेवा, बोटांवर आडवा. आणि फेकायचा मोह आवरा, फेकला की समोरच्याला फ्री किक. बर्फ लावा आता.