ग्रंथालयातला ‘आश्रयदाता’ कोण?

दाखलनोंद : फोर्टातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आम्ही ‘कोहा’ हे मुक्तस्त्रोत सॉफ्टवेअर वापरतो. पडद्यावरचे इंग्रजी शब्द मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मशीनकडून कच्चा खर्डा काढला, तर ‘सर्क्युलेशन’चं ‘अभिसरण’! ग्रंथालय आहे की हृदय? ते ‘देवघेव’ करून टाकलं. अडलंय ‘पेट्रन’पाशी. काल एफवायच्या मुलाचं कार्ड स्कॅन केलं, तर पडद्यावर आलं : ‘या आश्रयदात्याकडे १२ रुपये दंड थकीत आहे’. पोरगं बिचारं मागे वळून बघायला लागलं, कोण आलंय म्हणून. ‘सभासद’ लिहू की ‘वाचक’?

पार्लेकरीण : सभासद. अनामत भरली, वर्गणी भरली, झाला सभासद. यात विचारायचं काय?

दाखलनोंद : ताई, कॉलेजात वर्गणी कुठली? आणि चिठ्ठी घेऊन एका दिवसासाठी येणारे बाहेरचे संशोधक?

विरारफास्ट : मग वाचक. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनीही १९३१ सालच्या ग्रंथालयांच्या पंचसूत्रीत ‘रीडर’च म्हटलंय.

जुनाबाइंडर : परीक्षेआधी पंख्याखाली झोपायला येतात, तेही वाचकच का?

ऱ्हस्वदीर्घ : ते राहू द्या. बाई, ‘स्त्रोत’ नव्हे, ‘स्रोत’. ‘स्रु’ म्हणजे वाहणे. स्राव, स्रवणे त्यातलेच. मध्ये ‘त’ कुठून घुसवता?

कालिनाकर : जखमेवर बोट ठेवलंत. माझ्या पीएचडीच्या गोषवाऱ्यात मी ‘स्रोत’ लिहिलं, मार्गदर्शकांनी लाल शाईने ‘स्त्रोत’ केलं. मी पुन्हा ‘स्रोत’, ते पुन्हा ‘स्त्रोत’. तिसऱ्या फेरीला ‘साधने’ लिहून सुटलो.

विरारफास्ट : दोन्ही चूक! स्रोत म्हणजे प्रवाह. ‘ओपन सोर्स’मधला सोर्स म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता. ती कुणालाही वाचता, बदलता, पुढे वाटता येते. त्यात वाहतंय काय? ‘खुली संहिता’ म्हणा. आम्ही ऑफिसात तसंही ‘ओपन सोर्स’च म्हणतो.

कालिनाकर : वाहतंय की! देशभरातले प्रबंध ‘शोधगंगे’त आहेत आणि ती गंगा ‘डीस्पेस’ या सॉफ्टवेअरवर चालते. तेही ओपन सोर्सच.

पार्लेकरीण : ‘ओपन सोर्स’च म्हणायचं तर हा धागा कशाला? उद्या देवघेवीलाही ‘इश्यू-रिटर्न’ म्हणाल.

दाखलनोंद : काउंटरवर सगळे तेच म्हणतात, ताई. माझा राग ‘मुक्त’वर जास्त आहे. आमच्या वरिष्ठांना मुक्त म्हणजे फुकट वाटतं. सर्व्हरचा आणि देखभालीच्या कराराचा खर्च मांडला, तर विचारतात, “मुक्त होतं ना?”

जुनाबाइंडर : आमचे शिपाईमामा कोहाला ‘कोहळा’च म्हणायचे. करार बघून म्हणाले, “आवळा देऊन कोहळा काढला की हो!” त्या व्युत्पत्तीला तोड नाही.

कालिनाकर : खरी व्युत्पत्तीही कमी नाही, काका. ‘कोहा’ हा न्यूझीलंडच्या माओरी भाषेतला शब्द. पाहुण्याने यजमानाला द्यायची भेट, आणि तिची कधीतरी परतफेड व्हावी हे त्यात गृहीत. तिथल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांची जुनी यंत्रणा २००० साल लागताच कोलमडेल अशी भीती होती. म्हणून १९९९मध्ये हे बनवून घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं.

पार्लेकरीण : म्हणजे आहेर! आईकडे आहेराची वही होती. कुणी काय दिलं ते बघून त्यांच्या घरच्या लग्नात तेवढंच द्यायचं. आमच्याकडे आलेलं एक स्टीलचं पातेलं तीन लग्नं फिरून परत आलं, तळाशी नाव घातलेलं.

विरारफास्ट : मग दाखलनोंदबाई मराठी शब्द भरताहेत तो परतीचा आहेर. ‘आहेरी सॉफ्टवेअर’ म्हणू या.

ऱ्हस्वदीर्घ : अहेरी गडचिरोलीत आहे.

दाखलनोंद : सोमवारी चाचणी आहे. ‘वाचक’ टाकलाय. झोपणाऱ्यांसकट. आता वाक्य असं : ‘या वाचकाकडे १२ रुपये दंड थकीत आहे’.

ऱ्हस्वदीर्घ : दंड थकतो का? थकते ती बाकी.