स्वतःच्या करिअरला बिझनेस प्लॅनिंग लावतेय, पण एका प्रश्नावर अडकलेय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत परचेसला आहे, ११ वर्षं झाली. कुठल्या पार्टला किती व्हेंडर आहेत, त्यातला एखादा बंद पडला तर लाइन किती दिवस चालेल हे बघत राहणं हेच माझं रोजचं काम. एखादा पार्ट एकाच व्हेंडरकडून येत असेल तर आमच्या शीटमधली ती ओळ लाल होते, आणि लाल ओळ दिसली की दुसरा व्हेंडर उभा राहीपर्यंत मी कुणाला स्वस्थ बसू देत नाही. तर गेल्या महिन्यात आमच्या शेजारचं अख्खं डिपार्टमेंट बंद झालं, १६ वर्षं तिथे असलेल्या सहकाऱ्याला दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्या रात्री घरी लॅपटॉप उघडून मी तीच शीट स्वतःसाठी भरली. ग्राहकाच्या रकान्यात एकच नाव, माझी कंपनी, उत्पन्नातला वाटा १०० टक्के. फॉर्म्युला तोच असल्यामुळे ओळ आपोआप लाल झाली. बराच वेळ मी त्या ओळीकडे बघत बसले होते.

मग एकेक पद्धत लावून बघितली. स्वॉट, म्हणजे स्वतःची बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांची यादी, आधी केलं, पण बलस्थानांमध्ये मी मेहनती, वेळ पाळणारी असलं काहीबाही लिहिलं जे कुणीही स्वतःबद्दल लिहील, त्यामुळे ते बाजूला ठेवलं. उपयोग झाला तो अ‍ॅन्सॉफच्या चौकटीचा. इगॉर अ‍ॅन्सॉफने १९५७ मध्ये मांडलेली ती चार घरं, जुनं किंवा नवं प्रॉडक्ट आणि जुनं किंवा नवं मार्केट. मी प्रॉडक्टच्या जागी काम ठेवलं आणि मार्केटच्या जागी इंडस्ट्री. हेच काम याच कंपनीत जास्त जबाबदारीने, हेच काम दुसऱ्या इंडस्ट्रीत, नवं काम याच कंपनीत, आणि नवं काम नव्या इंडस्ट्रीत. वर्षभर माझ्या डोक्यात घोळत होतं ते नोकरी सोडून डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकायचं आणि कुठेतरी नव्याने लागायचं, म्हणजे सरळ चौथं घर, सगळ्यात जोखमीचं. कागदावर मांडेपर्यंत हे मला दिसलंच नव्हतं!

रनवेही काढला. हातातली शिल्लक भागिले महिन्याचा खर्च, सात महिने आले. शोधाशोध, मुलाखती, पहिला पगार हातात पडेपर्यंतचा काळ मी पाच महिने धरला, म्हणजे सेफ्टी स्टॉक दोनच महिन्यांचा. कुठल्याही मटेरियलला मी एवढ्यावर सही केली नसती.

आता अडलंय कुठे ते सांगते. प्रत्येक पद्धत पहिलं विचारते की तुमचं प्रॉडक्ट काय. माझ्या पदाचं वर्णन वाचलं तर पीओ (खरेदीची ऑर्डर) काढणं, फॉलोअप, रेट निगोशिएशन. पण खरं काय होतं तर डिझाइनवाला ड्रॉइंग घेऊन टेबलापाशी येतो, एका टॉलरन्सवर, म्हणजे मापात किती फरक चालेल त्या मर्यादेवर, बोट ठेवतो आणि विचारतो, "हे कुणाकडून होईल?" मी बघते, सांगते की इथे एवढी बारीक टॉलरन्स लागतेच का ते आधी तपास, कारण तिच्यापायी ग्राइंडिंगचं एक ऑपरेशन वाढतंय, आणि लागतच असेल तर अमुककडे दे. दिवसातनं तीनचार वेळा हे होतं, आणि अप्रेजलमध्ये त्याची एक ओळसुद्धा नाही. हे माझं प्रॉडक्ट आहे का? बाहेर विकलं जाईल का, की मी इथल्या व्हेंडरांना ओळखते म्हणून इथेच चालतंय? आणि हे नोकरी न सोडता कसं तपासायचं? कुणी असं केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १

तुमचा प्रश्न अर्थशास्त्रात जुना आहे. गॅरी बेकर, ज्यांना १९९२ चं नोबेल मिळालं, त्यांनी हाच फरक केला होता, काही कौशल्य कुठेही चालतं आणि काही फक्त त्याच कंपनीत. तुमच्या उदाहरणात दोन्ही एकत्र आहेत. "अमुककडे दे" हे इथलं, "ही टॉलरन्स लागते का" हे कुठेही चालणारं. दोन रकाने करा आणि आठवडाभर आलेला प्रत्येक प्रश्न त्यात टाका, दुसरा रकाना किती भरतो ते बघा. मग दुसऱ्या इंडस्ट्रीतल्या चारपाच जणांशी बोला, पण "माझं काम तुम्हाला उपयोगी पडेल का" असं अजिबात विचारू नका, लोक चांगुलपणाने हो म्हणतात. "मागच्या वेळी पार्टसाठी अडलात तेव्हा काय केलंत, किती दिवस गेले, शेवटी कुणी सोडवलं" हे विचारा. घडलेलं सांगतात त्यावर विश्वास ठेवा, पुढे करू म्हणतात त्यावर नको.

प्रतिसाद २

नोकरी इतक्यात सोडू नका. कंपनीने कुठल्या धंद्यात पैसा लावायचा हे ठरवणाऱ्या १९७० च्या बीसीजी मॅट्रिक्समध्ये कॅश काउमधून, म्हणजे नियमित पैसा देणाऱ्या धंद्यातून, येणारा पैसा क्वेश्चन मार्कमध्ये, म्हणजे चालेल की नाही हे अजून नक्की नसलेल्या धंद्यात, लावतात, तुमची आजची नोकरी ती दुभती गाय आहे. फक्त एक लक्षात घ्या, कंपनी चार प्रॉडक्ट काढून तीन बंद करू शकते, माणसाकडे दिवस एकच असतो, म्हणून एका वेळी एकच प्रयोग. आणि सुरू करण्याआधी प्रीमॉर्टेम करा, गॅरी क्लाइनने २००७ मध्ये लिहिलेली पद्धत. दीड वर्ष झालंय आणि प्लॅन पूर्ण फसलाय असं धरून चाला, का फसला ते लिहा. "काय चुकू शकतं" यापेक्षा "काय चुकलं" असं विचारलं की माणूस जास्त खरं लिहितो.

प्रतिसाद ३

ताई, सगळं पटलं पण शीटमध्ये विश्रांतीचा रकाना दिसला नाही. मशीनलासुद्धा मेंटेनन्ससाठी बंद ठेवतात. मी असाच प्लॅन करून रोज रात्री दोन तास अभ्यास धरला होता, तिसऱ्या महिन्यात आजारी पडले आणि सगळंच सुटलं. आठवड्याला चार तास धरा, पण ते मोडू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रीमॉर्टेम त्याच रात्री केलं, पहिलंच कारण लिहिलं गेलं ते "बाहेरच्या कुणालाच विचारलं नाही". चार तास पक्के केले, शनिवारी सकाळी. आठवडाभर नोंद ठेवली, २३ प्रश्न आले, त्यातले १४ दुसऱ्या रकान्यात बसले, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. दोघांशी बोलणंही झालं. त्यातली एक वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत आहे, एका पार्टचं कोटिंग कोण करेल हे शोधण्यात तिचे नऊ दिवस गेले होते आणि शेवटी कळलं की ड्रॉइंगवरचं ते कोटिंग जुन्या व्हर्जनमधून तसंच राहिलं होतं, लागतच नव्हतं. ऐकताना मी तीनदा वहीत लिहिलं, हे तर माझंच काम आहे.

आता पुढचं. ते १४ प्रश्न रेझ्युमेत कसे मांडायचे? व्हेंडरची नावं, रेट, ड्रॉइंग यातलं काहीही बाहेर द्यायचं नाहीये, ते कंपनीचं आहे. पण नुसतं "खर्च कमी केला" लिहिलं तर ते पुन्हा माझ्या त्या स्वॉटसारखं होतं. परचेस किंवा डिझाइनमधल्या कुणी असं लिहिलं असेल तर एकदोन ओळी नमुन्याला द्याल का?