झोपडपट्टी पुनर्वसन: अन्याय नेमका कोणावर?

जुना रहिवासी

‘करदाता’ यांनी काल लिहिले की मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसनाची घरे म्हणजे प्रामाणिक माणसाच्या करातून अतिक्रमणाला दिलेले बक्षीस आहे आणि ही योजना तत्काळ गुंडाळावी. त्याखाली सहमतीची रांग लागलेली पाहिली, म्हणून हे सविस्तर उत्तर.

या घरांच्या बांधकामासाठी शासनाच्या तिजोरीतून पैसा जात नाही. १९९५ नंतरची सगळी योजना एकाच हिशेबावर उभी आहे: विकासकाने झोपडीधारकांना विनामूल्य घरे बांधून द्यायची आणि त्या बदल्यात मिळालेल्या चटईक्षेत्रावर, म्हणजे वाढीव बांधकामाच्या परवानगीवर, विक्रीच्या इमारती उभारून खर्च आणि नफा वसूल करायचा. त्यामुळे बक्षिसाचा हिशेब मांडायचाच असेल, तर झोपडीधारकाचे ३०० चौरस फूट आणि त्याच भूखंडावरचा विक्रीचा मनोरा हे दोन्ही एकाच ताळेबंदात धरावे लागतील.

माझा आक्षेप निराळा आहे. घरे कुठे, किती दाटीने आणि केव्हा बांधायची हे विक्रीचा भाव ठरवत असेल, तर ज्या वस्तीला भाव आहे तिथे काम धावते आणि जिथे तो नाही तिथे लोक अर्धवट पाडलेल्या वस्तीत वर्षानुवर्षे बसून राहतात. पुनर्वसनासाठीची किमान घनता पूर्वी हेक्टरी ५०० घरे होती, ती ६५० केली गेली. मानखुर्दचे लल्लुभाई कंपाउंड आणि गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींत इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय भागत नाही, आणि डॉक्टरांच्या पाहणीने तिथल्या क्षयरोगाचा संबंध या अंधाराशी व कोंदटपणाशी जोडलेला आहे. माहुलमध्ये तर तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले की त्यांना दरमहा १५,००० रुपये भाडे द्या आणि दुसरीकडे राहू द्या. याला मी बक्षीस म्हणू शकत नाही.

करदाता

तिजोरीतून पैसा जात नाही, हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे आणि ते अर्धसत्य आहे. मुंबईत जमीन हीच तिजोरी आहे. सरकारी जमिनीवर योजना आली की विकासक रेडी रेकनरच्या, म्हणजे शासनाने ठरवलेल्या जमिनीच्या दराच्या, २५ टक्के अधिमूल्य भरतो. उरलेले ७५ टक्के कोणाच्या खिशातून गेले? मैदान, शाळा किंवा दवाखाना होऊ शकला असता अशी ती जमीन होती.

दुसरे म्हणजे तारखा. सुरुवातीला १ जानेवारी १९९५ पूर्वीची झोपडी असेल तरच घर, अशी शेवटची तारीख होती. मग २००० आली. त्यानंतर २००० ते २०११ मधल्यांना सशुल्क घर देण्याचे ठरले आणि २०२३ मध्ये त्याची किंमत अडीच लाख रुपये निश्चित झाली. प्रत्येक मुदतवाढीने लोकांना हेच शिकवले की कायदा पाळणारा मूर्ख असतो आणि थांबून राहणाऱ्याचे भले होते. माझ्या आईवडिलांनी डोंबिवलीत एक खोली घेतली, वडिलांनी निवृत्तीपर्यंत कर्ज फेडले आणि उभा जन्म गर्दीच्या लोकलमध्ये लोंबकळत काढला. त्यांच्यासाठी कोणत्याही शासनाने कोणतीही तारीख पुढे ढकलली नाही. हे घर दहा वर्षे विकायचे नाही अशी अट होती. ती धाब्यावर बसवून मुखत्यारपत्रावर विकलेली घरे मी स्वतः पाहिली आहेत.

विशाखा

करदाता, तुमच्या वडिलांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. परंतु ‘थांबून राहणाऱ्याचे भले होते’ हे वाक्य तुम्ही परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीत, नाव शोधणाऱ्या माणसासमोर उच्चारून पाहावे.

माझी आई १९९५ च्या कितीतरी आधीपासून त्या वस्तीत राहत होती. तिच्याकडे १९९५ च्या मतदार यादीचा उतारा, फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र, जुनी वीजबिले आणि शिधापत्रिका असे सगळे कागद एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत होते आणि पावसाळ्यात ती पिशवी छताच्या वाशाला टांगलेली असे. तरीही ती अपात्र ठरली, कारण मतदार यादीत तिच्या नावापुढे माझ्या वडिलांऐवजी आजोबांचे नाव पडले होते. ती चूक सरकारी कारकुनाची होती. सिद्ध मात्र आईला करावे लागले. त्याच यादीत आमच्या गल्लीत कधीही न राहिलेल्या एका इसमाच्या नावावर दोन झोपड्या पात्र होत्या. अपिलात आई पात्र ठरली, तोपर्यंत झोपडी पाडली गेली होती. विकासकाने भाड्याचे धनादेश काही काळ दिले आणि मग बंद केले. आता भाडे भरतो आम्ही आणि इमारत जोत्यावर अडकून आहे. घर विकणाऱ्यांविषयी तुम्ही तावातावाने लिहिता; आम्हाला विकायला आधी घर तरी मिळू द्या.

गिरणगाव

मी हा धागा शांतपणे वाचत होतो, पण १९९५ आणि २००० या तारखांवर दोन्ही बाजू भांडत असताना १९८२ हे गिरणी संपाचे साल कोणालाही आठवू नये, याचा संताप आला म्हणून लिहितो.

माझे वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे, होते. संप झाला, गिरण्या बंद पडल्या आणि जमिनी मात्र सोन्याच्या झाल्या. १९९१ च्या नियमावलीत कलम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा गृहनिर्माणासाठी म्हाडाला मिळायचा होता. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीचे बांधकाम जिथे उभे होते ती सारी जमीन वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. कामगारांचे आणि वारसांचे अर्ज दीड लाखांच्या वर आहेत. २०१६ मध्ये पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७ घरांची सोडत निघाली, पण करोनाच्या काळात तीच घरे विलगीकरणासाठी घेतली गेली, त्यांची नासधूस झाली आणि ताबा मिळायला २०२३ उजाडले. आता आम्हाला शेलू आणि वांगणी इथली घरे दाखवतात. ज्यांनी हे शहर उभे केले त्यांनी कर्जतच्या वाटेला लागायचे आणि ज्यांनी पदपथ अडवला त्यांनी दादरला राहायचे, हा कोणता न्याय?

जुना रहिवासी

‘गिरणगाव’, तुमच्या गाऱ्हाण्यातला शब्दन् शब्द खरा आहे, शेवटचे वाक्य सोडून. वस्तीतल्या माणसाने तुमची जमीन घेतलेली नाही. ती कोणाला मिळाली हे परळ आणि लोअर परळमध्ये मान वर करून पाहिले की दिसते.

गिरणगाव

मान वर करून पाहण्याचा सल्ला मला नको. तिथे उभ्या राहिलेल्या मॉलच्या जागी माझे वडील तीन पाळ्यांत काम करत होते. माझा मुद्दा साधा आहे: शासनाची सहानुभूती मतपेटीच्या आकारावर ठरते. १९९५ च्या निवडणुकीत ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरांचे आश्वासन दिले गेले, कारण ती मते एकगठ्ठा होती. गिरणी कामगार तोवर गावोगाव पांगला होता, साताऱ्याला गेला, कोकणात गेला. पांगलेल्या माणसाला तारीख मिळत नाही.

विशाखा

आणि जो गावी जाऊ शकला नाही, तो कुठे गेला? आमच्या वस्तीत संपानंतर आलेली गिरणी कामगारांची कुटुंबे होती. चाळीतली खोली पगडी, म्हणजे भाडेहक्काची एकरकमी किंमत, घेऊन सोडली, देणी फेडली आणि झोपडीत आले. तुम्ही ज्यांना पदपथ अडवणारे म्हणता, त्यांच्यापैकी काहींच्या घरात तुमच्याच वडिलांसारखे गिरणीचे ओळखपत्र होते. आपल्याच माणसांविषयी असे लिहिताना थोडा विचार करायला हवा होता.

गिरणगाव

अशी कुटुंबे होती, हे मला नाकारता येत नाही. पदपथ हा शब्द मागे घेतो. बाकी काहीही मागे घेत नाही.

अर्जदार

दोन्ही बाजूंनी मध्यम उत्पन्नाच्या भाडेकरूला चर्चेतून वगळलेले आहे. म्हाडाच्या २०२३ च्या मुंबई सोडतीत ४,०८२ घरांसाठी सुमारे एक लाख वीस हजार अर्ज आले. त्या सोडतीत ताडदेवचे एक घर साडेसात कोटींहून अधिक किमतीचे होते. सार्वजनिक संस्थेने साडेसात कोटींचे घर सोडतीत का ठेवावे, याचे पटणारे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. आजी-माजी लोकप्रतिनिधींसाठी राखीव घरे अत्यल्प उत्पन्न गटातही होती. त्या गटात बसेल असा आमदार मला कोणी दाखवावा. करदात्यांच्या रागाचे मूळ इथे आहे, पण तो राग वस्तीवर काढणे सोपे असल्यामुळे तो तिथे निघतो.

करदाता

माझा राग कुठे निघावा हे इतरांनी ठरवू नये. मात्र ताडदेवच्या घराबाबत तुमच्याशी सहमत आहे.

उद्वाहन

मी निवृत्त अभियंता आहे आणि पुनर्वसनाच्या एका उंच इमारतीच्या संस्थेला हिशेबात मदत करतो, म्हणून कोणी न काढलेला विषय मांडतो. ताबा मिळाला की प्रश्न सुटला, असे सगळेच धरून चालले आहेत. आमच्यासारख्या इमारतींच्या वेळी विकासकाने देखभालीसाठी सदनिकेमागे ४० हजार रुपये जमा करायचे होते आणि त्याच्या व्याजावर संस्थेने चालायचे होते. त्या व्याजात जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप, अग्निशमन यंत्रणा आणि दोन लिफ्ट यांचा खर्च कसा भागवायचा? आमच्याकडे एक लिफ्ट कायमची बंद आहे आणि तिचे सुटे भाग काढून दुसरी चालवली जाते. दुसरीही बंद पडली तेव्हा बाराव्या मजल्यावरच्या डायलिसिसच्या रुग्णाला मुलांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणले, प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवत. लोक घर का विकतात, याचे निम्मे उत्तर त्या जिन्यात आहे. झोपडीत मासिक देखभाल खर्च नव्हता. इथे तो आहे आणि उत्पन्न तेवढेच राहिले आहे. उंची वाढली ती विक्रीच्या इमारतीला जागा मोकळी व्हावी म्हणून, खर्च मात्र वर राहणाऱ्याच्या माथी आला.

करदाता

ही बाजू मी विचारात घेतली नव्हती, एवढे मान्य. पण मग योजना नीट चालत नाही हेच सिद्ध होते आणि ती बंद करावी हे माझे म्हणणे पक्के होते.

जुना रहिवासी

बंद करून विशाखा यांच्या आईला काय सांगायचे? जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोरिवलीच्या एका रखडलेल्या योजनेच्या प्रकरणात १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याची अंमलबजावणी कशी झाली हे तपासायला मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले. कायदा मोडीत काढा, असे सांगितले नाही. माझ्या मागण्या अशा: पात्रतेची यादी आक्षेपांसह आणि प्रत्येक निर्णयाच्या कारणासह जाहीर व्हावी, भाडे बुडवणाऱ्या विकासकाला नवी योजना मिळू नये आणि देखभालीची रक्कम मजल्यांच्या संख्येप्रमाणे ठरावी. यांपैकी कशाला तुमचा विरोध आहे, ते स्पष्ट लिहा.

करदाता

तिन्हींना नाही. पण चौथी अट माझी: २०११ ची तारीख आता पुढे जाणार नाही, असे त्याच कायद्यात लिहा. त्याला तुम्ही तयार आहात का?

जुना रहिवासी

परवडणाऱ्या भाड्याची सार्वजनिक घरे आधी बांधायला घ्या, मग तयार आहे. ती नसतील, तर मुंबईत उद्या कामाला येणारा माणूस राहणार कुठे, याचे उत्तर तुमच्या अटीत नाही.

विशाखा

तुमच्या अटी ठरेपर्यंत आमच्या भाड्याच्या खोलीचा करार पुन्हा संपतो आहे. दोन वर्षांचे भाडे विकासकाने आगाऊ जमा करण्याचा नियम आता झालेला आहे, तो आमच्यासारख्या जुन्या, रखडलेल्या योजनांना लागू करून घेण्यासाठी अर्ज नेमका कोणाकडे करायचा, हे कोणाला ठाऊक असेल तर कृपया लिहावे.