मदत हवी आहे: ताईला तपासणीवरून परत पाठवलं, आता काय करू??

धाकटी_पाती: ताईला तपासणीला नेलं तर जमणार नाही म्हणून सरळ परत पाठवलं, वर तिलाच ऐकवलं की आधी सांगायचं. पटकन सांगा काय करायचं, लेक्चर नकोय.

जाईजुई: कसली तपासणी? वय? का परत पाठवलं?

धाकटी_पाती: मॅमोग्राफीच की, स्तनांचा एक्स-रे. ५२. उभं राहावं लागतं म्हणे, ताई व्हीलचेअरवर असते ना.

क्षकिरण: अहो मुद्द्याचं तेच राहिलं! मी हेच काम करते, बसून होते मॅमोग्राफी. बऱ्याच मशीन खाली येतात. फोन करून आधी विचारा मशीन किती खाली येतं, आणि सांगून ठेवा की जास्त वेळ लागेल, मदतीला एक जण जास्त लागेल. खुर्चीचे हात निघत असतील तर फारच सोपं. ताईंना पुढे झुकता येतं का, खांदा किती उचलतो?

अनुभवी_काकू: कशाला तो छळ, दाबून जीव काढतात. सोनोग्राफी करा, पडल्या पडल्या होते. नणंदेची तशीच केली.

क्षकिरण: काकू, स्क्रीनिंगला, म्हणजे काही त्रास नसताना करायच्या तपासणीला, नुसती सोनोग्राफी चालत नाही. कॅन्सरची सुरुवात दाखवू शकणारे कॅल्शियमचे बारीक ठिपके तिच्यात बरेचदा सुटतात.

अनुभवी_काकू: डेन्स ब्रेस्ट, म्हणजे चरबी कमी नि घट्ट ऊती जास्त, असले की मॅमोग्राफीतही सुटतं, वाचलंय मी.

क्षकिरण: हो, म्हणून तेव्हा जोडीला करतात. ऐवजी नाही.

मुक्तछंद: गर्भाशयमुखाची पण करून घ्या. एचपीव्ही (त्या कॅन्सरला कारण होणारा विषाणू) टेस्टचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो, त्या उंच टेबलावर चढायचा प्रश्नच नाही. डब्ल्यूएचओचं (जागतिक आरोग्य संघटनेचं) २०३० चं टार्गेट आहे ७० टक्के बायकांची ३५ व्या वर्षापर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत परत एकदा तपासणी, पण टेबलच खाली येत नसेल तर अशा बायका कायम उरलेल्या ३० टक्क्यांतच राहणार.

धाकटी_पाती: हे विचारलंच नव्हतं मी. ताई झुकू शकते, डावा खांदा कमी उचलतो. पुढच्या महिन्यातली तारीख घेतली तर चालेल ना? काखेजवळ गाठ लागतेय म्हणते, दुखत नाही पण.

जाईजुई: गाठ?? आणि हे आत्ता सांगताय??

क्षकिरण: मग हे स्क्रीनिंग नाहीच. पुढचा महिना वगैरे नको, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, न दुखणारी गाठ म्हणजे साधीच असं धरू नका. हाताने तपासून ते डायग्नोस्टिक (गाठ कसली ते बघायची) मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी लिहून देतील, लागलं तर सुईने तपासतील. चिठ्ठीवर व्हीलचेअरचं लिहून घ्या.

अनुभवी_काकू: म्हणजे सोनोग्राफी लागलीच ना शेवटी!

धाकटी_पाती: काकू प्लीज. @क्षकिरण उद्याच नेते. मशीन किती खाली येतं हे फोनवर नक्की कुणाला विचारायचं, रिसेप्शनला तर काहीच माहीत नसतं?

क्षकिरण: मॅमोग्राफीच्या टेक्निशियनशी बोलायचंय म्हणा, रिसेप्शनवाल्यांच्या हो ला हो नका म्हणू.